डबा थांबला नाही

माझा स्वभाव तापट. लोणावळ्याच्या शाळेत मी बाई म्हणून लागले तेव्हाही होता, आता म्हातारपणीही आहे. त्याचा उपयोग झाला असा एकच दिवस आठवतो.

लढाईची वर्षं होती. विमानांचा हल्ला झाला तर काय करायचं याचा सराव प्रत्येक शाळेने घ्यावा, असं वरून फर्मान आलं. आमच्या हेडमास्तरांनी ते वाचलं आणि ठरवून टाकलं: घंटा एकसारखी घणघणवायची, की मुलांनी टेकावरच्या दगडी वर्गात जमायचं. सगळ्या वर्गांना तसं बजावलंही. शिस्तीचा माणूस. शिट्टी गळ्यात अडकवून ते व्हरांड्यात उभे राहिले आणि शिपायाने घंटा वाजवायला सुरुवात केली.

मग काय विचारता! पोरांनी दप्तरं काखोटीला मारली आणि हुर्यो करत उलट्या दिशेला, ओढ्याकडे धूम ठोकली. शाळा आणि कुरवंडे गावाची वाट यांच्यामध्ये तो ओढा, त्यावर लाकडी साकव. मी पदर खोचून मागे धावले. माझ्या वर्गातली कुरवंड्याची एक मुलगी साकव ओलांडून पलीकडे पोचलीसुद्धा होती. मी ओरडले, तशी ती भाबडेपणाने म्हणाली, "बाई, घंटा लांबली न्हवं? मंग शाळा सुटली."

तिचं काय चुकलं? रोज संध्याकाळी तशीच घंटा ऐकून ती घरी जात होती. हसता हसता माझी नजर खालच्या पाण्याकडे गेली. विमानं येतील तेव्हा येतील, पण हा ओढा दर पावसाळ्यात साकवावर चढायचा. त्या वेळी ही घंटा वाजली तर आपणच पोरांना पाण्यात ढकलू.

मी हेडमास्तरांना म्हटलं, रॉकेलचा रिकामा डबा बडवू या. शेतात डुक्कर शिरलं की मावळात डबाच वाजतो. आवाज आला की माणसं हातातलं काम टाकून एका जागी जमतात. पोरांना ते शिकवावं लागणार नाही. हेडमास्तर म्हणाले, शाळेची काही अब्रू आहे की नाही? डुकरं हाकलायची वस्तू इथे नको.

"सर, पोरं वाहून गेल्यावर ती अब्रू कुणाला दाखवणार?" मी बोलून गेले. ते शिट्टी चाचपत आत निघून गेले. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि बाजारातल्या दुकानदाराच्या मागे लागून डबा मिळवला.

मुलांकडून सराव करून घेतला. पण घरच्यांना कोण सांगणार? रविवारी मी चालत कुरवंड्याला गेले. बायांना जमवून सांगितलं, की पाणी चढलं की डबा वाजेल. तो ऐकू आला तर पोरं वर सुखरूप आहेत असं समजा आणि ओढ्यात उतरू नका. त्या मुलीची आई रोखून बघत होती. "आन् डबा थांबला तर? आमी काय समजायचं?"

"थांबणार नाही. तुमची पोर तुमच्या हाती देईपर्यंत वाजेल," मी म्हटलं. रागातच म्हटलं, पण शब्द दिला तो दिला.

श्रावणातल्या एका दुपारी शिपाई धावत आला. पाणी साकवाला लागलं होतं. हेडमास्तरांचा हात सवयीने घंटेच्या दोरीकडे गेला. मी सरळ त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने डबा ओढला. दांडक्याचा पहिला तडाखा बसला आणि पोरं दप्तरं टाकून टेकाकडे पळाली. ती मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. थोड्याच वेळात साकव कडाडला आणि फळ्या सुट्या होऊन वाहत गेल्या. डबा बडवतच मी टेकावर चढले.

पलीकडच्या उतारावर पावसासाठी डोक्यावर घेतलेली पानांची इरली दिसू लागली. बाया जमल्या होत्या. पाण्याच्या आवाजात हाक पोचणं शक्य नव्हतं, पोचला तर फक्त डबा. मी बडवत राहिले. त्या काठाशी आल्या, थांबल्या, एकही उतरली नाही. मग वळून रेल्वेच्या पुलाकडच्या लांबच्या वाटेला लागल्या. माझ्या तळहाताचे फोड फुटले, खांदा भरून आला आणि दांडकं निसटलं. तेवढ्यात ते दुसऱ्या कुणीतरी उचललं. मी पाहिलं तर हेडमास्तर. कोट चिंब, टोपी कुठे पडली पत्ता नाही, आणि गडी डबा बडवतोय.

दिवस कलताना बाया चिखलाने माखून वर आल्या. त्या आईने पोरीला पोटाशी धरलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. हेडमास्तरांचं लक्षच नव्हतं, ते ओढ्याकडे तोंड करून वाजवतच होते. ती त्यांच्याजवळ गेली आणि डब्यावर हात ठेवला.

"सर, पोर घावली. आता थांबा."