किसनतात्यांचा गज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — देव काय, ऐकून विसरतो थोडाच! तुम्हाला सांगतो. पण आधीच बजावतो, तोंड पाडून बसणार नाही.

मी थापाड्या आहे. नगरात माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. तिथं पेट्या कमी आणि थापा जास्त सुरात लावल्या जातात. कुकडीच्या कालव्यात मी मगर पाळली होती. उसातला बिबट्या माझा यमन ऐकून घोरायला लागला होता. लोक हसतात, चहा पाजतात — माझं काय बिघडतं? पथ्य एकच. जुनं वाद्य हातात आलं की खोटं बोलायचं नाही. म्हणून तर पार कोपरगावाहून लोक सारंग्या, व्हायोलिनं घेऊन येतात. मी म्हणेन ते खरं.

आता — काष्टीचे किसनतात्या. भजनाला व्हायोलिनची साथ करायचे. जन्मभर एकच गोष्ट सांगायचे: नगरच्या लष्करी छावणीतल्या एका गोवेकर बँडमास्तरनं त्यांचं वाजवणं ऐकून स्वतःचा व्हायोलिन वाजवायचा गज देऊन टाकला. फ्रान्सचा! गाव खो खो हसायचं. 'थापाड्या तात्या' हेच नाव पडलं.

तात्या गेल्यावर त्यांची लेक सुमन तो गज जुन्या पातळात गुंडाळून माझ्याकडे आली.

"दादा, किंमत नगं मला. आमचे तात्या खोटं बोलत हुते का, येवढंच सांगा."

मी खिडकीशी गेलो. एक डोळा मिटून काठीचा बाक पाहिला, बोटावर गज तोलला. अस्सल! विकला असता तर दारात ट्रॅक्टर उभा राहिला असता. मग मुठीजवळचा काळा ठोकळा स्क्रू फिरवून सोडवला आणि — आतल्या चांदीवर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. किसन, काष्टी. खाली बँडमास्तरचं नाव.

सुमनकडे माझी पाठ होती. मी ठोकळा परत बसवला.

लोभ सुटला म्हणता? छे! गज मला नकोच होता. झोंबलं ते वेगळंच. मी आयुष्यभर हजार थापा मारल्या, एक खरी निघाली नाही — आणि या माणसाची एकुलती एक थाप, तीच खरी?

"सुमनताई, काठी बरी हाय," मी म्हणालो. "पर फ्रान्स न्हाई आन् बँडमास्तरबी न्हाई. तात्यांनी जुन्या बाजारातनं उचलला आसंल."

ती गज गुंडाळत राहिली.

"म्हंजी लोक बरोबरच म्हनत हुते."

एक शंका घेतली नाही तिनं. का घेईल? वाद्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही ना!

तुम्ही म्हणाल, अजून ती आहे, गज आहे, अक्षरं आहेत — जा आणि सांग. नाही जाणार. रडायचं सोंग मला झकास जमतं, तेही करणार नाही. मत्सर होता. अजून आहे.

परवा काष्टीच्या बाजारात चहाच्या गाडीवर कुणीतरी तात्यांच्या फ्रान्सची टर उडवली. पूर्वी सुमन अशा माणसाच्या अंगावर चप्पल घेऊन धावायची. परवा ती हसली.

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं.