झडतीतल्या बिड्या

"काटा बिघडला असन, सिस्टर," वानखेडे म्हणाले. काट्यावर त्यांचं पहिलं पोर होतं. साडेतीन पौंड.

काटा ठणठणीत होता. जबलपूरच्या एका दारूगोळा कारखान्याच्या इस्पितळात मी प्रसूती वॉर्ड सांभाळायचे. एकाहत्तरची लढाई चालू होती. वानखेडे कारखान्याच्या गेटवर दरबान. आत बारूद, म्हणून कामगारांची झडती घेऊन बिड्या-काडेपेट्या काढून घेणं हे त्यांचं काम. त्या झडतीची त्यांना भारी मिजास.

पोर दिवस भरून जन्मलेलं, तरी निळसर. दूध ओढायची ताकद नाही. ऑक्सिजन लावला, कापसात गुंडाळून ठेवलं. जगेल की नाही, सांगता येत नव्हतं. डॉक्टरसाहेब म्हणाले, आई अशक्त आहे, तसं लिहून टाका. आई तर चांगली धडधाकट होती. मी तिच्याजवळ बसले, तर केसांना बिडीचा वास.

विचारल्यावर तिने काही लपवलं नाही. पोटात गॅस धरायचा, म्हणून चेरीताल मोहल्ल्यातल्या सासूबाईंनी बिडी ओढायला लावली होती. "त्या म्हणे, लेकरू लहान राहते, सुटका सोपी होते." आणि बिड्या कुठून? "हे आणतात न गेटवरून. लढाईच्या तयारीपासून शिफ्टा वाढल्या, तं लय येऊन राहिल्या."

जप्तीचा माल घरी! मी वानखेड्यांना गाठलं. धुराने आईच्या रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, नाळेतून पोराला तेवढाच कमी पोचतो, मग ते खुरटतं, असं समजावलं.

"फेकाच्याच होत्या न जी," ते म्हणाले. "वाया काहून घालवाच्या?"

मला संताप आला. बारूद सांभाळणाऱ्या या शहाण्याने स्वतःचं पोर नऊ महिने धुरी देऊन ठेवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाच्या दारात मी त्यांची आणि त्यांच्या आईची झडती घेऊ लागले. म्हातारीच्या कनवटीला तिसऱ्या दिवशी बिड्यांचा कट्टा सापडला. कारखान्यातली माणसं बघत होती. वानखेडे हात वर करून उभे.

पोर वाचलं. महिन्याने घरी गेलं, पण शाळेत जाईपर्यंत दर थंडीत त्याची छाती भरायची.

दोन वर्षांनी दुसरं झालं, बिडीशिवाय. काटा तोच. सात पौंड. वानखेड्यांनी आकडा दोनदा वाचला. काट्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.