रिपोर्टच्या आधीच्या नऊ गोळ्या

"मूळव्याध नाही हो. मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत. याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात," नगरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. नुकतीच कोलोनोस्कोपी झाली होती, म्हणजे कॅमेऱ्याची नळी खालून घालून आतडं बघणं. मी अजून गुंगीत होते. विचारलं एवढंच, "ड्यूटीवर कधी जाऊ?"

मी एसटीत कंडक्टर. राहायला भिंगारला. चार महिने रक्त पडत होतं आणि मी मूळव्याध समजून गप्प बसले. भरलेली गाडी, आणि मला दर अर्ध्या तासाला जायचं! ड्रायव्हर भला माणूस. ढाबा दिसला की स्वतःच गाडी घ्यायचा बाजूला. मला मात्र लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी रजा टाकली.

स्टिरॉइड सुरू झालं. रक्त थांबलं, पण तोंड सुजून असं गरगरीत झालं की डेपोतल्या बाया ओळखेनात. डोस कमी केला की रक्त पुन्हा हजर.

मॅडम म्हणाल्या, "स्टिरॉइडवर जन्म काढायचा नाही. अ‍ॅझाथायोप्रिन नावाची गोळी आहे, प्रतिकारशक्तीला आवर घालते. पण आधी एनयूडीटी-फिफ्टीन ही जनुकाची तपासणी. काही जणांच्या शरीरात या गोळीचा जोर मोडला जात नाही. मग ती रक्तातल्या पांढऱ्या पेशीच मारायला लागते."

एक नळी रक्त घेतलं. रिपोर्टला दहा-बारा दिवस लागणार होते. चिठ्ठी आधीच लिहून दिली, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, रिपोर्ट दाखवल्यावरच सुरू करणे.

आता माझा स्वभाव सांगते. मला थांबणं जमत नाही. स्टँडवर पाच मिनिटं उशीर झाला तरी माझा पारा चढतो. आधीच दोन महिने घरी बसून डोकं फिरलेलं. औषधाच्या दुकानात मी ती खालची ओळ मागे दुमडली, वर अंगठा ठेवला आणि चिठ्ठी पुढं केली. रोज एक, अशा नऊ गोळ्या खाल्ल्या. माझी आई राहात्याहून मला रांधून घालायला आली होती, तिलाही पत्ता लागू दिला नाही.

दहाव्या दिवशी सकाळी कंगव्यात केसांचा पुंजका आला. त्याच दिवशी दवाखान्यातून फोन आला, "रिपोर्ट आलाय. ती गोळी अजिबात सुरू करू नका. येऊन जा."

आईला घेऊन रिक्षानं गेले. रिपोर्ट टेबलावर होता. मी म्हटलं, "मॅडम, मी नऊ खाल्ल्या."

मॅडमनी चष्मा काढला. "कंडक्टर ना तुम्ही? तुम्ही बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी सोडतो का?"

लगेच रक्त घेतलं. दोन तास बाकावर बसून होतो. पांढऱ्या पेशी पार खाली आल्या होत्या, केसही त्या गोळीनंच गळत होते. ताप आला तर रात्र-दिवस न बघता यायचं, तोंडाला मास्क, बाहेरचं काही खायचं नाही, एक दिवसाआड रक्त. त्या दिवसांत मी तासातासाला स्वतःचं कपाळ चाचपायची. खरंच सांगते, फार घाबरले होते.

मॅडमनी विचारलं होतं, "आई-वडील नात्यातले का?" आई म्हणाली, "व्हय की. ह्यांच्या मामाचीच पोर मी." तेव्हा त्यांनी समजावलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. माझ्या दोन्ही बदललेल्या निघाल्या. नात्यात लग्न झालं की असं जुळून येण्याची शक्यता वाढते. आजार त्यामुळं झालेला नाही, पण ही गोळी मला सोसणारी नाही.

बाहेर येऊन आई रडायला लागली. "माझ्यामुळं झालं व्हय गं?"

"अर्धं नानांचं हाय, तू एकटीच कशाला मान घेतीस?" मी म्हटलं. वडील जाऊन कैक वर्षं झाली, तरी त्यांच्यावर ढकलल्यावर ती डोळे पुसत हसली.

तिसऱ्या आठवड्यात पेशी चढायला लागल्या आणि जीव भांड्यात पडला. मग दुसऱ्या प्रकारचं औषध सुरू झालं, सलाईनमधून घ्यायचं. ते मानवलं. स्टिरॉइड सुटलं. केस विरळ झालेत, पण वेणी येते. माझ्या धाकट्या भावालाही तपासणी करायला लावली. त्याची एकच प्रत बदललेली आहे, म्हणजे त्यालाही ही गोळी जपूनच द्यावी लागेल, आणि तो कागद तो पाकिटात ठेवतो.

तुमच्यापैकी कुणाला ही गोळी सांगितली तर या तपासणीबद्दल जरूर विचारा. आणि रिपोर्टची वाट बघा बाबांनो. माझ्यासारखा आगाऊपणा केलात तर निदान डॉक्टरांपुढं कबूल करा. त्या नळीभर रक्ताचे आणि मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

परवा कोपरगाव गाडीवर होते. राहात्याला आई चढली. भरल्या गाडीत मोठ्यानं विचारलं, "आज लपवून कुठली गोळी खाल्ली न्हाईस ना?" सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली.

"न्हाई खाल्ली. बस आधी."

पिशवी सावरत, दांडा धरत ती सावकाश सीटकडं निघाली. ड्रायव्हर आरशात बघत होता. उशीर झाला होता, तरी आई नीट बसेपर्यंत मी बेल दिली नाही.