जाते नाही, येते म्हण

सुवर्णाताईंच्या घरातून 'जातो' म्हणून कोणाला जाता येत नसे. देऊळगाव राजात, बसस्थानकामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर त्यांचं शिवणकाम चाले. त्यामुळे दिवसभर बायकांची ये-जा. ब्लाउज घेऊन निघालेली एखादी "जाते हं ताई" म्हणाली, की मशीन थांबे.

"जाते नाही बाई. येते म्हण."

एकदा गॅसवाला रिकामी टाकी खांद्यावर टाकून जिना उतरला आणि खालून "जातो ताई" म्हणाला. त्याला टाकीसकट वर बोलावून शब्द बदलायला लावला. तेव्हापासून तो दारात पाऊल टाकल्या टाकल्याच "येतो ताई" म्हणून मोकळा होतो, टाकी मागून देतो.

नवरा प्रेमानंद शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना हे सहन होत नसे.

"बी.ए. झालेली बाई तू! शब्दानं माणूस वापस येत असते काय?"

"माहा भाऊ गोकुळ 'जातो' म्हणून सुरतेले गेला. आला का?"

"दर उन्हाळ्यात येते ना!"

"पाहुण्यावानी येते. बॅग पुरी उघडत बी नाही."

प्रेमानंदांनी तपासायच्या वह्या पुढे ओढल्या.

पुढे लेक प्राची नर्सिंग झाली आणि तिनं जपानला जायचं ठरवलं. तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या सांभाळाचं काम होतं. त्यासाठी ती जालन्याला जपानीच्या क्लासला जाऊ लागली. सुवर्णाताईंनी विरोध केला नाही. फक्त आठवड्यात तीन सुया मोडल्या आणि शेजारच्या सुभद्राबाईंच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

एका संध्याकाळी प्राची वही घेऊन घोकत होती, "इत्तेकिमास, इत्तेकिमास."

"हे काय व?"

"घरातून निघताना म्हणतात आई. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येते. जाऊन येते."

सुवर्णाताईंचे पाय थांबले. "सगळेच म्हणतात?"

"हाव. शाळेत जाणारं पोरगं, कामाले जाणारा बाप, सगळे. घरातले म्हणतात 'इत्तेराश्शाई', जाऊन ये. वापस आलं की आपण म्हणायचं 'तादाइमा', आले मी. अन् घरातले म्हणतात 'ओकाएरि', आलीस का, ये."

"अवो, ऐकलं का?" सुवर्णाताई आतल्या खोलीकडे वळून ओरडल्या. "तिकडं सारा देश म्हणते! आता बोला!"

प्रेमानंदांनी आतून रेडिओचा आवाज वाढवला. सुवर्णाताई मात्र भाजीला निघताना, दळणाला निघताना इत्तेकिमास म्हणू लागल्या. एकदा सुभद्राबाईंकडे चहा पिऊन उठतानाही म्हणाल्या. प्राचीनं अडवलं.

"पाहुणं म्हणून गेलं तर नाही म्हणत, आई. जिथं वापस यायचं असते, तिथूनच म्हणायचं."

"मंग तू तिकडच्या खोलीतून रोज सकाळी म्हणशील?"

"म्हणीन की."

म्हणजे तेही घरच झालं! चौथी सुई मोडली.

मुलाखत ऑनलाइन होती. शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवला होता आणि आईनं स्वयंपाकघरातून हलायचं नाही, असं बजावलं होतं. पडद्यावर मोरिसाकीबाई नावाच्या चष्मेवाल्या मॅडम होत्या. सगळं नीट झालं. शेवटी प्राचीनं वाकून "शित्सुरेई शिमास" म्हटलं. असा निरोप घ्यायचा, हे क्लासमध्ये पाठ करून घेतलं होतं. सुवर्णाताईंना शब्द कळला नाही, पण सूर कळला. पोरगी निघाली, आणि येते म्हणाली नाही! गळ्यात टेप, हातात पोळीचं पीठ, अशा त्या कॅमेऱ्यासमोर धावल्या.

"इत्तेकिमास!"

प्राचीनं आईला पदराला धरून मागे ओढलं. सवयीनं मोरिसाकीबाईंच्याही तोंडून निघून गेलं, "इत्तेराश्शाई!" आणि त्या तोंडावर हात धरून हसत सुटल्या. प्राचीनं मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं, की ही माझी आई, आणि आमच्या घरी कोणी 'जाते' म्हणत नाही.

"काय म्हणाली ती?" नंतर सुवर्णाताईंनी विचारलं.

"जाऊन ये म्हणाली," प्रेमानंद म्हणाले. "निवड तुहीच झाली. बॅग भर."

आठ दिवसांनी निवडीचं पत्र आलं, ते प्राचीच्याच नावानं.

निघायच्या दिवशी जालन्याच्या गाडीला गर्दी होती. सुवर्णाताईंनी 'इत्तेराश्शाई' हा उत्तराचा शब्द महिनाभर घोकला होता, ब्लाउजच्या मापांच्या वहीतही लिहून ठेवला होता. पण सामान चढवता चढवता घाई झाली, गाडी हलली आणि खिडकीतून प्राची रडत म्हणाली, "आई, जाते मी!"

सुवर्णाताई धावल्या आणि गाडीच्या पत्र्यावर दणादणा हात मारू लागल्या. कंडक्टरनं घंटी ओढली, गाडी थांबली.

"काय राह्यलं ताई? पासपोर्ट?"

"शब्द राह्यला! जाते नाही, येते म्हण!"

साऱ्या गाडीच्या माना वळल्या. प्राचीनं डोळे पुसले आणि खिडकीबाहेर वाकून म्हटलं, "इत्तेकिमास, आई."

आता सुवर्णाताईंची पाळी. महिनाभर घोकलेला शब्द ऐनवेळी कुठे गेला कोण जाणे.

"ओकाएरि!" त्या जोरात ओरडल्या.

"आई! तो आल्यावर म्हणायचा शब्द आहे!"

"असू दे!" सुवर्णाताई पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "म्हणून ठेवला. आता तुले याच लागते."

यावर प्रेमानंदांनी, आयुष्यात पहिल्यांदा, मान डोलावली. कंडक्टरनं घंटी वाजवली, दार ओढून घेता घेता सुवर्णाताईंकडे जरा घाबरूनच पाहिलं आणि म्हणाला,

"येतो हं ताई."