रिलीव्हर येईपर्यंत

केशकालचा घाट उतरताना वायपरनं काचेवर एक जाड, धुरकट पट्टा सोडायला सुरुवात केली, आणि तो नेमका बाबांच्या डोळ्यांसमोर होता. माझ्या बाजूला ब्रेक नाही, तरी मी वळणावळणाला पाय दाबत होते. बस्तरमधली भटकंती संपली होती. उशा दमट, मीठ ओलं, टॉवेलला कुबट वास. धबधब्यांचं कौतुक केव्हाच ओसरलं होतं आणि आता फक्त भिलाईचं घर गाठायचं होतं.

आमची कॅम्पर व्हॅन म्हणजे लिलावात घेतलेली जुनी रुग्णवाहिका. रिटायर झाल्यावर बाबांनी तिच्यात स्वतःच्या हातानं पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. रंग बदलला, तरी लोक अजून बाजूला होऊन तिला वाट देतात, आणि बाबांना ते मनातून आवडतं. आईनं मात्र तिच्यात कधी पाय ठेवला नाही. जन्मभर तुमच्या शिफ्टांनी झोपू दिलं नाही, आता गाडीत जाऊन कुठं झोपू, असं तिचं म्हणणं. म्हणून या वेळी तिनं मला सोबत पाठवलं, आणि निघताना एक काम गळ्यात घातलं. परत येईपर्यंत बाबांच्या हातून स्टिअरिंग काढून घ्यायचं.

वर्षभर त्यांना नीट दिसत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, चष्म्याचा नंबर बदलायचाय. मी रोज सकाळी ठरवायची, आज बोलू, आणि रोज चहा पिऊन गप्प बसायची. आता शेवटचा दिवस उरला होता, आणि वरून हा पाऊस.

कांकेर सोडल्यावर रस्त्याच्या मधोमध एक गाय बसली होती. मला ती लांबूनच दिसली. बाबा काहीतरी करतील म्हणून मी वाट बघत राहिले, आणि शेवटी ओरडले. गाडी शेजारच्या चिखलात जाऊन थांबली. गाय उठलीसुद्धा नाही. बाबांनी रिव्हर्स टाकून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

धमतरीच्या अलीकडे एका टपरीवर ते चहा सांगायला उतरले. मी सरकून त्यांच्या सीटवर बसले आणि इंजिन चालू केलं. सरळ सांगण्याची हिंमत नव्हती, मग हा चोरटेपणा. बाबा दोन्ही हातांत ग्लास घेऊन आले, मला पाहिलं, आणि ताडपत्रीखालीच थांबले. मी म्हटलं, तुम्ही दमलात, जरा मी चालवते.

"तू रिलीव्हर होय का?" ते म्हणाले. "चार्ज घेतला काय तू?"

बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर होते. वितळलेलं लोखंड भरलेली बादली वर लटकत असायची. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, वर चढल्याशिवाय ऑपरेटर खाली उतरत नाही, मग त्याची ड्यूटी संपून कितीही वेळ होवो. आणि चढणाराही आला की लगेच सीटवर बसत नाही. उतरणारा त्याला चार्ज देतो, म्हणजे काय ठीक आहे, काय बिघडलंय ते सांगतो. तो ऐकून घेतो, 'घेतला' म्हणतो, मगच जागा बदलते. बिघाड लपवून घरी गेलेल्या माणसाचं नाव बाबा तोंडातून काढत नसत. आमच्या घरात तर गॅसवरचं दूधसुद्धा चार्ज दिल्याशिवाय सोडून जाता येत नसे. हे सगळं बघत मोठी झालेली मी, अशा माणसाच्या खुर्चीत खिसेकापूसारखी जाऊन बसले होते. लाज वाटली. चिडचिडही झाली, कारण चपलांत चिखल होता आणि कंबर मोडून आली होती.

मी इंजिन बंद केलं, खाली उतरले, आणि दाराशी पावसात उभी राहिले.

"बाबा, चार्ज द्या."

त्यांनी आधी चहा संपवला. अगदी सावकाश. मग आले, बॉनेटवर हात ठेवला आणि प्लांटमधल्या आवाजात सुरू झाले. "उजवा वायपर घासून राहिला. ओल्यात ब्रेक डावीकडं ओढते. तिसरा गिअर अडकते, त्याले जबरदस्ती नको करू." मी प्रत्येकाला हो म्हणत होते. मग त्यांनी चष्मा काढून ओल्या शर्टाला पुसला, त्यानं तो आणखीच धुरकट झाला.

"आन् ऑपरेटरले उजव्या डोळ्यानं दिसून नाही राहिलं," ते म्हणाले. "लय दिवस झाले. ती गाय मले दिसलीच नाही."

उत्तर दिल्याशिवाय ते हलले नसते, हे मला ठाऊक होतं.

"घेतला," मी म्हटलं.

ते मागे गेले, स्वतः बनवलेल्या पलंगावर आडवे झाले आणि दार ओढून घेतलं. बालोद येईपर्यंत त्यांच्या घोरण्याचा आवाज पुढे ऐकू यायला लागला. समोरचे ट्रक काचेवर चिखल उडवत होते, तिसरा गिअर खरंच अडकत होता, खांदे भरून आले होते. उतई गेलं, रुआबांधा आलं तेव्हा दिवे लागले होते. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. नुसतं घरी जाऊन पडावंसं वाटत होतं.

भिलाईतल्या हुडको वसाहतीत आमच्या गल्लीत वळले तर आई छत्री घेऊन फाटकातच उभी. नेहमीसारखी ती सरळ ड्रायव्हरच्या दाराशी आली आणि तिथं मला पाहून थबकली. याच गोष्टीसाठी तर तिनं मला सोबत पाठवलं होतं. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटेल. पण तिचा चेहरा उतरला.

"ते कुठी हायेत?"

"मागं झोपून राहिले. चार्ज दिला त्यायनं."

"सोताहून?"

"हो. डोळ्याचंही सांगितलं."

आईनं छत्री माझ्या हातात दिली, मागचं दार हळूच उघडलं, निऱ्या जरा वर धरल्या आणि ती पहिल्यांदाच त्या गाडीत चढली. बाबांच्या पायांशी बसून तिनं त्यांच्या अंगावरची दमट चादर सारखी केली. मी बाहेर छत्री धरून उभीच होते.

"तू जा घरात," ती आतून म्हणाली. "गॅसवर दूध हाये, त्याच्याकडं ध्यान दे. इथं मी आहो."