घंटा, गाणं, चित्र, गोष्ट

बैलगाडीच्या कण्याला वंगण घालावंच लागतं. जुनं कुणी काढत नाही, त्यावरच नवं चोपडतात. वीस वर्षांनी बघावं तर बोटभर थर! किश्शांचंही तसंच. मी मुद्दाम गोळा केले नाहीत. साचले.

सोलापुरात मिशनची एक ट्रेनिंग शाळा होती. ख्रिस्ती पोरांना तिथं दोन वर्षं शिकवायचे आणि मग परक्या लोकांत, परक्या भाषेत कामाला धाडायचे. कुणी कानडी मुलखात, कुणी तेलुगू विणकरांत, कुणी धनगरांत. मी तिथला गाडीवान. नाव लाजर. शिक्षण तीन यत्ता. पोरं तोंडावर लाजरमामा म्हणत. पाठीमागं काय म्हणत तेही मला ठाऊक होतं.

पुस्तक प्रिन्सिपल शिकवायचे, गाव मी शिकवायचो. हे मी म्हणत नाही, मिशनचे मोठे साहेब म्हणायचे. दर हिवाळ्यात महिनाभर दौरा निघे. दौरा संपला की साहेब वही उघडत आणि एकेका पोराबद्दल मला एकच प्रश्न विचारत. "लाजर, गाव याला ठेवून घेईल?" मी हो म्हणायचो नाहीतर नाही. तिसरा शब्द मी कधी बोललो नाही.

वर्गात पोरांना सभेचा क्रम पाठ करून घेत. घंटा, गाणं, चित्र, गोष्ट. आधी घंटा वाजवून माणसं जमवायची, मग पेटीवर गाणं, मग चित्राची गुंडाळी उलगडायची, मग गोष्ट सांगायची. क्रम चुकला की मार्क कापत.

माझा नियम वेगळा होता. नव्या गावात पहिल्या दिवशी तोंड बंद. बसा, बघा, विचारा. मला मार्क कापता येत नव्हते. म्हणून मी नुसतं बघायचो. तेवढ्यानं भागायचं.

* * *

दावीद म्हणून एक विद्यार्थी होता. गोरागोमटा, हुशार, पहिला नंबर. पहिल्या वर्षी त्याला शहरातच विणकरांच्या वस्तीत पाठवला. तेलुगू माणसं, घरोघरी माग. यानं दारात घंटा वाजवली, गाणं म्हटलं, चित्र उलगडलं. मागावर बसलेला म्हातारा विणकर मान वर करीना.

गोष्ट संपली. म्हाताऱ्यानं तुटलेला धागा पुढं केला. "जोड."

दावीदनं गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. सगळं घर बघत होतं. पोराच्या कपाळावर घाम!

म्हाताऱ्यानं दोन बोटांनी चिमटीत धरून गाठ मारली आणि म्हणाला, "उद्या ये. आधी हे शिक. धागा जोडता येत नाही, आणि माणसं जोडायला निघाला!"

दावीद पंधरा दिवस रोज गेला. गाठ शिकला. ती गोष्ट त्याला तिथं कुणी पुन्हा विचारली नाही.

* * *

याच दावीदला पुढं दौऱ्यावर बूट आणि साहेबी हॅट घालून यायची हौस आली. मी म्हणालो, "काढ." तो म्हणाला, "मामा, उन्हाचं बरं असतं."

माढ्याच्या अलीकडं एका गावात तो माझ्या पुढं चालत शिरला. मी गाडी घेऊन पोचलो तर गल्ली ओस. दारं बंद. चुलींचा धूर निघतोय, पण माणूस नाही! एका ओट्यावर पटकुरावर एक म्हातारी तेवढी पडलेली. दावीद तिच्यापुढं उभा राहून मोठ्यानं बोलत होता.

म्हातारीनं गुमान बाही वर सारली आणि दंड पुढं केला.

"टोच बाबा, बिगीनं टोच. पोरं समदी उसात लपल्याती, ती काय घावायची न्हाईत!"

लस टोचणारा सरकारी माणूस असाच बूट-हॅट घालून येत असे. दावीदनं ती हॅट पुढं बैलांना भुसा घालायला वापरली. मीच वापरायला लावली.

* * *

कानडी भाषेचा किस्सा लहान आहे. दावीद सहा महिने पुस्तकातून कानडी शिकला होता. मैंदर्गीच्या वाटेवर एक बाई घागर घेऊन येताना दिसली. यानं हात जोडले आणि सबंध वाक्य ठोकलं, मला थोडं पाणी द्याल का म्हणून. ग्रंथातलं कानडी! मधेच अडकला, मागं गेला, पुन्हा सुरुवात केली.

बाई शेवटपर्यंत थांबली. मग म्हणाली, "मराठीत बोल की रं लेकरा. तुजं कानडी ऐकून मलाच तहान लागली!"

* * *

आता शांतवन.

हा माढ्याकडचा. काळा, उंच, कमी बोलणारा. बाप गावकीची कामं करायचा. हाक आली की उठायचं, निरोप पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं. हातात घुंगरांची काठी. बापाची उमेद हीच, की पोरगं शिकून या काठीतून सुटावं. शाळेतून काढला असता तर ती काठी शांतवनची वाट बघत दाराशी उभी होती. हे त्यानं मला एकदाच सांगितलं.  मीही पुन्हा तो विषय काढला नाही.

साहेबांनी त्याला सुरुवातीलाच सांगितलेलं, "तुझं डोकं गरम आहे. तीन तक्रारी आल्या की घरी."

पहिली तक्रार टोपीची. त्या उन्हाळ्यात शहरात लष्कराचा अंमल होता. पांढरी टोपी दिसली की स्वराज्यवाला म्हणून धरत. आम्ही कुंभारीला निघालो होतो. हा पठ्ठ्या पांढरी टोपी घालून गाडीत! मी म्हणालो, "काढ." तो म्हणाला, "डोकं माझं आहे, मामा."

नाक्यावर बंदूकवाले शिपाई दिसले. मी मागं हात घातला, टोपी ओढली आणि खाली उतरून बैलाच्या शिंगावर चढवली.

शिपाई जवळ आला. "किसकी टोपी है ये?"

"बैल की," मी म्हणालो. "धूप लगती उसको."

त्यानं बैलाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. बंदुकीच्या टोकानं टोपी धुळीत पाडली, तुडवली आणि म्हणाला, "जाव."

अर्धा मैल पुढं गेल्यावर शांतवननं मागं वळून रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाला, "मामा, तुम्ही माझी टोपी बैलाला घातली."

"बैलाला कुणी धरत नाही," मी म्हणालो.

पण गोष्ट साहेबांच्या कानावर गेलीच. वहीत एक रेघ पडली.

* * *

दुसरी तक्रार पाण्याची. हा किस्सा मी हसत सांगत नाही.

मैंदर्गीच्या बाजूलाच एका मोठ्या शेतकऱ्याच्या दारात आम्ही उभे. दुपार. शांतवननं पाणी मागितलं. घरची बाई तांब्या घेऊन आली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. हात लांब करून वरून धार धरली. शांतवननं ओंजळ पुढं केली होती. ती त्यानं मागं घेतली. पाणी मातीत पडलं.

"भांडं द्या, बाई. नाहीतर राहू द्या."

शेतकरी आतून धावत आला. "माजलास व्हय रं! दारात पाणी पाडतुयास?" चार माणसं जमली. मी मधे पडलो, हात जोडले, पोराला ओढून गाडीत घातलं. निरोप आमच्याआधी सोलापुरात पोचला. दुसरी रेघ.

वाटेत मी त्याला झापलं. "तू काम करायला आलास का मान मागायला? एक ओंजळ पाणी! त्यासाठी बापाची काठी हातात घेणार व्हय?"

तो खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "मामा, वीस वर्षं तुम्ही या गावात येता. त्या घरी कधी पाणी प्यालात?"

गाडीच्या खाली माझी घागर टांगलेली असे. शाळेच्या विहिरीवर भरून घ्यायची, पुढं वाटेत ओढ्यावर भरत राहायची, कुणाच्या दारात मागायचं नाही. वीस वर्षं.

मी बैलांना हाक मारली.

* * *

आता शेवटचा. त्याच वर्षीच्या हिवाळ्यातला.

मैंदर्गीच्या पुढं माळावर बिरप्पा नावाच्या धनगराचा तळ पडला होता. दोनेकशे मेंढरं, तीन कुत्री, बाजूला उभी ज्वारी. बिरप्पा साठीचा. कानडी आणि मराठी दोन्ही बोलायचा आणि दोन्ही कमी बोलायचा. शांतवनची परीक्षा तिथं ठेवली होती. चौथ्या दिवशी साहेब स्वतः येणार होते. वहीत दोन रेघा. तिसरी पडली की काठी.

पहिल्याच दिवशी गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निसटली. ती बसवायला मी मैंदर्गीला गेलो. जाताना शांतवनला म्हणालो, "आज तोंड बंद."

पोरानं माझा शब्द पाळला. तोंड उघडलं नाही. पण परीक्षेच्या भीतीनं वर्गातला क्रमही पाळला. दुपारी मेंढरं बाभळीखाली डोकी एकात एक घालून बसलेली. हा मधोमध उभा राहिला आणि त्यानं घंटा वाजवली!

मी परत आलो तर माळावर मेंढरू नाही. ज्वारीत मेंढरं, ओढ्यात मेंढरं, कुत्री भुंकून भुंकून बेजार. दिवस मावळायच्या आत बिरप्पानं आणि त्याच्या दोन सुनांनी कळप जमवला. ज्वारीवाला येऊन शिव्या देऊन गेला. बिरप्पानं कळपावरून नजर फिरवली.

"एक गाभण कमी हाय."

 चित्राची गुंडाळी गडबडीत उलगडून पडली होती. त्यावर आमचं नेहमीचं चित्र. हरवलेलं मेंढरू खांद्यावर घेऊन येणारा मेंढपाळ. बिरप्पा त्याच्यापुढं उभा राहिला.

"ह्यो कोन?"

शांतवननं सांगितलं. एक मेंढरू हरवलं, बाकीची ठेवून हा शोधायला गेला.

"ह्यो गेला," बिरप्पा म्हणाला. "आन् तू हितं का हुबा?"

शांतवन होता तसा चालू लागला. मी हाक मारली. वळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाभण मेंढी आपल्या पायांनी परत आली. मागं ओलं कोकरू! बिरप्पानं कोकरू पुसून आचळाला लावलं. शांतवनचा पत्ता नाही. तिसरा दिवस गेला. मी दोन्ही वाटांनी फिरून आलो. जेवण गेलं नाही. साहेबांना काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो आणि जुळत नव्हतं.

चौथ्या दिवशी साहेब टांग्यातून आले. उतरले, वही काढली, विचारलं, "शांतवन कुठं आहे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात माळाच्या टोकाला तो दिसला. पाय रक्ताळलेले, ओठ फुटलेले आणि खांद्यावर मेंढी! अगदी चित्रातल्यासारखा. साहेबांचा चेहरा उजळला.

त्यानं मेंढी बिरप्पाच्या पायाशी ठेवली. बिरप्पानं तिचा कान उलटून बघितला.

"ही माजी न्हाय."

प्रत्येक धनगर आपल्या मेंढराच्या कानाला आपली खूण कापतो. ते आमच्या वर्गात शिकवलेलं नव्हतं.

"माजी तर परवाच आली," बिरप्पा म्हणाला. "ही कुनाची उचलून आनली?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. शांतवनच्या मागोमाग धूळ उडत होती. तीन धनगर, दोन कुत्री. हातात काठ्या, एकाच्या हातात कुऱ्हाड.

"चोर कुटं हाय? कुनाचा हाय त्यो?"

साहेब पुढं झाले. "हे पाहा, हा आमचा..." आणि थांबले. हातातली पेन्सिल वहीवर टेकलेली होती. मी गाडीच्या कडेचा लाकडी दांडा उपसून हातात घेतला. म्हातारा होतो, पण एक तरी आडवा केला असता.

"मी आणली," शांतवन म्हणाला. "चूक माझी."

कुऱ्हाडवाला त्याच्याकडं निघाला. बिरप्पा घाई न करता उठला. मडक्यातून तांब्या भरला. आधी स्वतः तोंड लावून दोन घोट प्याला. मग तोच तांब्या शांतवनच्या हातात दिला.

"पी."

शांतवननं तांब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. त्यानं तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा रिकामा केला.

तिघं जागच्या जागी उभे. कुऱ्हाड खाली आली.

"माजा मानूस हाय," बिरप्पा त्यांना म्हणाला. "नवा हाय. त्याला कान बगाय येत न्हाई अजून. मेंढी घ्या. बसा, भाकरी खाऊन जावा."

ते बसले. सुनांनी भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. शांतवनही त्याच ओळीत बसला.  नुसता भाकरी मोडल्याचा आवाज.

साहेब कधीचे उभेच होते. शेवटी त्यांनी वही चाळली, ते पान काढलं आणि हळू आवाजात मला विचारलं, "लाजर, गाव याला ठेवून घेईल?"

मी उत्तर द्यायच्या आत बिरप्पा घास चावत म्हणाला, "पोरगं ठिवून जावा, सायेब. घंटा तेवडी घिऊन जावा!"