कलाबाईंचे मोजे

बायकोला ठाऊक नाही, भावाला नाही, आणि ज्या दुकानात माझं अर्धं आयुष्य गेलं तिथं तर कुणालाच नाही. मोज्यांची गोष्ट आहे. हसू नका — म्हणजे हसलात तरी चालेल, दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीही हसलोच असतो. पण ते मोजे आठवले की घास तोंडात फिरतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

मी लातूरला साड्यांच्या दुकानात सेल्समन आहे. आमच्या गादीवर चप्पल चढत नाही. मालक रोज सकाळी कपाळाला विभूती लावून गादीची पूजा करतात. मग त्या पांढऱ्या चादरीवर गिऱ्हाईक बसतं आणि आम्ही उभे. लग्नसराईत मुरुडहून, चाकूरहून जीप भरभरून माणसं बस्ता बांधायला येतात. नवरीची आई, मावश्या, आत्या ऐसपैस बसतात, चहा पितात, आणि आम्ही अनवाणी उभ्यानं साड्या उलगडत राहतो. गिऱ्हाईक बसलेलं असताना नोकरानं टेकायचं नाही, ही रीत. मालक स्वतः गल्ल्यावर बसून असतात, तो भाग वेगळा.

कलाबाई आमच्यात सगळ्यात जुन्या. मुरुडहून एसटीनं यायच्या, आणि एसटीतही बहुतेकदा उभ्याच. नवऱ्याचं काम सुटलेलं, मुलगी पूजा शाळेत. सगळं घर त्यांच्या पगारावर. आणि नेमक्या त्यांच्याच पायाच्या शिरा फुगल्या. संध्याकाळी घोटा कुठं आणि पोटरी कुठं, कळायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याच्या खालपर्यंतचे घट्ट मोजे घाला, नाहीतर हे उभ्याचं काम सोडा. काम सोडून कसं भागायचं? मोजेच घ्यायचे ठरलं.

आता मोजे म्हणजे काय, कुठलेही घेतले आणि चढवले, असं मला वाटायचं. तसं नसतं. ते पायाच्या मापाचेच लागतात. माप घ्यायचं सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पाय सुजायच्या आत. वर आणखी कलाबाईंच्या पायात जोडवी. ती त्या काढणार नव्हत्या, म्हणून बोटं उघडी राहतील असे मोजे हवे होते. लातूरच्या दुकानात तेव्हा सगळे बंद बोटांचे. मी दुकानाच्या कामानं नांदेडला निघालो होतो, तर त्या माझ्याकडे आल्या.

हातात परकराची नाडी होती. पहाटे आडव्या असतानाच पूजाकडून माप घेतलेलं — नाडीच्या टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत घोटा, दुसऱ्या गाठीपर्यंत पोटरी. "भाऊ, एवढी तेवढी दुकानदाराला दाखवा," म्हणाल्या. मी नाडी खिशात टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, नाडी कशाला, आपली नजर आहे ना! दुकानात माझ्या नजरेचं फार कौतुक. बाई पायरी चढतानाच मी तिच्या ब्लाउजचं कापड किती लागेल ते सांगतो. या कौतुकानंच घात केला, असं म्हणावं का? नको. कौतुकानं काय केलंय. जे केलं ते मी.

परत करायच्या साड्यांचा गठ्ठा माझ्याबरोबर होता. लोह्याच्या स्टँडवर त्याची सुतळी तुटली. खिशात हात घातला, नाडी लागली, तिनंच गठ्ठा आवळला. नांदेडला उतरून गठ्ठा व्यापाऱ्याकडे टाकला आणि मोज्यांच्या दुकानात गेलो. तिथं माणसानं माप विचारलं तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

व्यापाऱ्याचं दुकान काही लांब नव्हतं. परत गेलो असतो तर नाडी मिळाली असती. फोन करता आला असता. पण चार माणसांत फोनवर बाईमाणसाला पोटरीचं माप विचारायचं — मला लाज वाटली. खरंच लाज होती, की आता चालायचा कंटाळा होता? मलाच सांगता येत नाही. मी डोळे मिटून कलाबाईंचे पाय आठवले. मी ते बघितलेले संध्याकाळचे, दिवसभर उभे राहून सुजलेले. म्हणालो, मोठे द्या.

तो माणूस भला होता. म्हणाला, ढिले झाले तर वापरू नका, परत आणा, बदलून देतो. आणि एक ध्यानात ठेवा, वरून दुमडू देऊ नका, दुमडलं की तिथंच पाय आवळतो. मी मान हलवली. हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. विसरलो नव्हतो, एक शब्दसुद्धा.

नाडी गेली, अंदाज चुकला — हे कुणाच्याही हातून होतं. एवढंच असतं तर कधीच सांगून मोकळा झालो असतो. ऐका पुढं.

मोजे देताना मी सगळ्यांसमोर म्हणालो, नाडीबरहुकूम आणलेत, तंतोतंत. कलाबाईंनी मोजे कपाळाला लावले. मोजे, हो! नंतर एके दिवशी साड्यांच्या कपाटाआड मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, लई ढिले हायत हो. सारखे खाली उतरून राहिलेत."

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हीही सांगाल. मोजे बदलून मिळत होते. मी एवढंच म्हणायचं होतं की बाई, तुमची नाडी मी गठ्ठ्याला बांधली, अंदाजानं आणले, द्या इकडं. दुकानातली पोरं आठवडाभर माझ्या नजरेची चेष्टा करत बसली असती. एवढंच झालं असतं.

मी म्हणालो, वरून दोन घड्या घाला. तसेच घालतात. दुकानदारानंच सांगितलंय.

हे ते. हे मी केलं.

त्या दुमडून घालू लागल्या. पुढं म्हणाल्या, गुडघ्याखाली काचतंय. मी म्हणालो, सवय होईल. संध्याकाळी मोजे उतरवताना तिथं लाल वळ दिसायचे, ते मीही बघितले. मग एसटीत उभं राहवेना. मग घोट्याच्या वर कातडी काळी पडली, खाज सुटली, जखम झाली, आणि ती भरेचना. सगळी लग्नसराई त्या तशाच उभ्या होत्या. त्यांना उभं बघताना मला भीती वाटायची, आणि भीतीपायी मी त्यांच्यावरच चिडायचो.

शेवटी पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या काम सोडायचं सांगायलाच. मला बाजूला घेतलं. "डॉक्टर लई ओरडले, भाऊ. मोजे कुणी दुमडायला सांगितले म्हणून. मी म्हणलं, कुणी न्हाई, माझ्याच मनानं. तुमचं नाव कशाला घेऊ? तुम्ही एवढ्या लांबून आणलेत."

तेव्हा तरी बोलायचं. मी काय केलं? त्यांची पिशवी उचलून स्टँडपर्यंत गेलो आणि सीट मिळवून दिली.

आता त्या मुरुडला घरी बसून साड्यांना फॉल लावतात. पाय उशीवर. जखम भरते आणि पुन्हा फुटते. मी फॉलच्या साड्या घेऊन जातो, चहा होतो. त्या शेजारणीला सांगतात, ह्या भावानं माझ्यासाठी लई धावपळ केली. मी बशीत बघत बसतो. स्वतःची किळस येते, आणि तरी चहा पिऊनच उठतो.

या लग्नसराईत पूजा आमच्याकडे कामाला लागली. आईच्याच जागी, त्याच कपाटासमोर उभी असते. मला मामा म्हणते. परवा नवीन मोजे घालून आली, उघड्या बोटांचे. आता लातूरलाच मिळतात. पाय पुढं करून म्हणाली, "बघा मामा, बरोबर हायत का?" मोजे वरपर्यंत नीट बसलेले होते, कुठं चुणी नव्हती. मी म्हणालो, बरोबर आहेत.

"आई दुमडून घालायची, सोताच्याच मनानं," ती म्हणाली. "तुम्ही तवा सांगितलं असंल ना तिला, दुमडू नका म्हणून? ती कुणाचं ऐकतच न्हाई."

चाकूरची माणसं गादीवर येऊन बसत होती. बस्ता मोठा दिसत होता. पूजा माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"हाव," मी म्हणालो. "सांगितलं होतं."